धोपटीतला वस्तरा

जुने वस्तरे जमवणारा माणूस धारेआधी पात्याचा मुठीत जाणारा चिंचोळा भाग बघतो. कारखान्याचा शिक्का तिथं असतो: शेफील्डचे जोसेफ रॉजर्स, वेड अँड बुचर, नाहीतर जर्मनीतलं झोलिंगेन. मुकुटाशेजारी ‘व्ही. आर.’ असेल तर काळ व्हिक्टोरिया राणीचा, 1837 ते 1901. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळं ‘इंग्लंड’ असं ठोकलेला नग बहुधा त्यानंतरचा. आणि पातं जितकं रुंद, न वापरलेलं, तितकी किंमत जास्त.

या हिशेबानं माझ्यापुढचा वस्तरा भंगारात जाईल. शिरोळच्या एका धोपटीतून तो आला. सोबत कातर, नराणी आणि पारा उडालेला आरसा. शिक्क्याची दोनच अक्षरं लागतात. म्हशीच्या शिंगाच्या मुठीला कसर लागलीय, मूळची पितळी खीळ जाऊन लोखंडी चूक ठोकलीय. पातं मधोमध खचलंय, पाठही सपाट झालीय. वस्तरा दगडावर आडवा टेकवला की पाठ आणि धार दोन्ही घासतात. त्यामुळं कोन आपोआप राखला जातो, पण धारेबरोबर पाठही झिजते. इतकी पाठ जायला एका माणसाचा जन्म पुरला नसावा. न्हाव्याला मोबदला दाढीमागं रोख नव्हता. सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं, नि वर्षभर घरोघर फिरायचं.

शेफील्डच्या पोलादाची कहाणीही एकेरी नाही. दक्षिण भारतातल्या ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी 1795 मध्ये त्यावर निबंध वाचला. शस्त्रक्रियेची हत्यारं नि वस्तरे घडवणारे जेम्स स्टोडार्ट या पोलादावर इतके खूश झाले, की पुढं त्यांनी तरुण मायकेल फॅरडेला हाताशी धरून मिश्र पोलादाचे प्रयोग केले. ते 1820 आणि 1822 मध्ये छापून आले. त्यातलं ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव मग विलायती वस्तऱ्यांवर मिरवू लागलं. विद्युतशास्त्रातला एवढा मोठा माणूस वस्तऱ्याच्या पोलादात रमला होता, याची मला फार गंमत वाटते.

शिक्क्यांच्या पुस्तकात न मावणारी गोष्ट मात्र मुंबईत घडली. 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाकारलं. ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच तो मिटला! त्या हातांतला एखादा वस्तरा कुठं शिल्लक असेल, तर त्यावर तसं लिहिलेलं थोडंच असणार?

पुढं एड्सची धास्ती पसरली तसा सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला आणि धोपट्या माळ्यावर गेल्या. कितीतरी घरांनी त्या मुद्दामच मोडीत काढल्या असतील; बलुत्याबरोबर सोसलेला अपमान कोण जपून ठेवील? शिरोळकडं उरलेल्यांना कृष्णा-पंचगंगेचं पाणी आहेच. 2005, 2019, 2021 च्या महापुरांत घरंच्या घरं बुडाली, तिथं साध्या पोलादाचं काय!

हाती लागलाच, तर तांब हलक्या हातानं तेलाच्या फडक्यानं पुसावी आणि वस्तरा उघडा, कोरड्या जागी ठेवावा. सेल्युलॉइडच्या मुठीचा असेल तर वेगळा. ती मूठ कुजताना सुटणारी वाफ शेजारचं पातंही खाते. चकाकी आणायला कुणी मशीनवर धरू म्हणालं, तर देऊ नये. त्या चाकावर झिजेच्या खुणा आधी जातात.