टेम्पोचा प्लग कधी बदलायचा, कोणता घ्यायचा



आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे, पण सुरुवात गॅसच्या लायटरनं करू. लायटर दाबला की टोकाशी एवढीशी ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. टोकाला चिकटा बसला की चार-पाचदा टकटक करावी लागते आणि तोवर गॅस वाया जातो. पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हेच काम स्पार्क प्लग करतो. आम्हाला हे उशिरा कळलं. तोवर आम्ही एका पोरावर चोरीचा आळ घेऊन बसलो होतो.

जिंतूरला आमच्या गटाचा पेट्रोलवरचा मालटेम्पो आहे. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडं सगळे त्याला छोटा हत्तीच म्हणतात. कर्ज काढून घेतलेला, हप्ता दर महिन्याला. तूरडाळ, हळद, शेवया, पापड घेऊन तो बोरीमार्गे परभणीला जातो. चालवतो आमच्याच एका ताईंचा मुलगा. लिटरला पंधरा किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज हळूहळू बारावर आलं. वही आमच्याकडं, पावत्या आमच्याकडं, तरी हिशेब जुळेना. बैठकीत कुणीतरी बोलून गेलं, की पेट्रोल टाकीत कमी आणि बाटलीत जास्त जातंय. पोरगा सांगत होता, गाडी मिसिंग मारते, येलदरीहून येताना चढाला ओढत नाही. आम्हाला ते निमित्त वाटलं. दोन महिने त्याच्या पगारातून पैसे कापले. त्याची आई बैठकीला यायची बंद झाली.

मग एका सकाळी गाडी सुरूच होईना. मिस्त्रीनं प्लग काढून आमच्या हातावर ठेवले. काटा ४१ हजार किलोमीटरवर होता, आणि प्लग गाडीबरोबर आलेले तेच होते.

आता तो प्लग करतो काय ते बघू. बॅटरी १२ व्होल्टची. कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाशी, दोन धातूंच्या मधल्या फटीतून ठिणगी उडते. फट असते साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला त्या एका मिनिटात दीड हजार ठिणग्या टाकाव्या लागतात. जिंतूर ते परभणी तासाभराच्या वाटेत हिशेब नव्वद हजारांवर जातो. प्रत्येक ठिणगीबरोबर धातू कणाकणानं झिजतो आणि फट रुंदावते. मग ठिणगी कधी पडते, कधी चुकते. चुकली की आत आलेलं पेट्रोल न जळताच धुराड्यातून बाहेर जातं. आमचं पेट्रोल चोरीला जात होतं खरं, पण ते सायलेन्सरमधून. आणि ते नुसतं वायाही जात नाही. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या पेट्रोलानं तापून खराब होतो. त्याची किंमत ऐकली तर प्लगचे पैसे चिल्लर वाटतात.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. ऊस, कापूस, सिमेंट वाहणारे मोठे ट्रक डिझेलचे असतात. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. तिथं स्पार्क प्लग नसतोच. काही डिझेल गाड्यांत हीटर प्लग असतो, पण त्याचं काम थंड इंजिन सुरू होताना आतला भाग तापवायचं. तेव्हा डिझेल गाडीच्या बिलावर स्पार्क प्लग लिहून आला, तर पैसे देण्याआधी विचारा. सीएनजीच्या ट्रकला आणि बसला मात्र स्पार्क प्लग लागतो.

कधी बदलायचा, याचं पहिलं उत्तर गाडीच्या पुस्तकात असतं. आमचं पुस्तक सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडता पडलं होतं. साध्या निकेलच्या प्लगला साधारण २० ते ३० हजार किलोमीटर धरतात. प्लॅटिनम आणि इरिडियमचे प्लग ६० हजारांपासून लाखापर्यंत चालतात. गाडी सीएनजीवर असेल तर थोडं अलीकडं बघा, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते. पुस्तकातला आकडा येण्याआधीही गाडी इशारे देत असते. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, उभ्या जागी इंजिन थरथरतं, भरल्या गाडीला चढाला झटके बसतात, अ‍ॅव्हरेज घसरतं. आमच्या पोरानं यातलं एकूण एक सांगितलं होतं.

काढलेला प्लग फेकू नका, आधी त्याचं टोक बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आमच्या प्लगवर तीच होती. एअर फिल्टर उघडला तर सरकीची धूळ आणि कापसाचं पिंजण गच्च बसलेलं. वेचणीच्या दिवसांत आपल्या भागात हे होणारच, म्हणून दिवाळीनंतर फिल्टर झटकून घ्या. टोक तेलकट ओलं असेल तर इंजिनमधलं ऑइल वर येतंय. नुसता प्लग बदलून ते थांबणार नाही. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर प्लग फार तापतोय.

हे तापणं नीट समजून घ्या, कारण प्लग निवडताना चूक इथंच होते. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, तरच त्यावरची काजळी जळून जाते. ८५० च्या वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि इंजिनला मार बसतो. म्हणून प्रत्येक इंजिनासाठी ठरावीक गरम-थंड जातीचा प्लग असतो आणि ती जात आकड्यानं लिहिलेली असते. गंमत अशी, की एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड जातीचा, आणि बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की गरम जातीचा! एनजीकेचा ६ साधारण बॉशच्या ७ च्या जवळ बसतो. नुसतं ‘सहा नंबर द्या’ म्हणून चालत नाही. जुने मिस्त्री अजून ‘मायको’ मागतात. ती बंगळूरची १९५१ ची कंपनी, २००८ पासून तिचं नाव बॉश झालं. जुना प्लग दुकानात न्या, त्यावरचा पूर्ण नंबर आणि पुस्तकातला नंबर दोन्ही ताडून बघा. आट्यांची लांबीही तीच हवी. जास्त लांब प्लग बसवला तर पिस्टन त्यावर आपटू शकतो.

नंबरातलं ‘आर’ हे अक्षरही बघून घ्या. त्याचा अर्थ आत रेझिस्टर आहे. तो नसेल तर ठिणगीची खरखर रेडिओत येते, मध्यम लहरींवर तर जास्तच. आमचं बोलणं गाडीत ऐकणाऱ्यांनी तरी ‘आर’ सोडू नये.

इरिडियम घ्यावा का? साध्याच्या कितीतरी पट महाग पडतो. पुस्तकात इरिडियमच लिहिला असेल तर तोच घ्या. साधा लिहिला असेल तर आमच्या मते साधाच घ्यावा आणि वेळेवर बदलावा. महाग प्लगनं ताकद वाढते, हे दुकानदाराचं बोलणं आम्ही मनावर घेत नाही. बिल मात्र मागाच, नकली माल बराच फिरतो. आणि सगळे प्लग एकदमच बदला.

बसवताना इंजिन थंड हवं. गरम अ‍ॅल्युमिनियममधल्या आटे खराब होतात. आधी भोवतालची धूळ फुंकून घ्यायची, नाहीतर ती सरळ इंजिनात पडते. प्लग हातानंच फिरवत पूर्ण बसवायचा, मग वायसर असलेल्या नव्या प्लगला पान्यानं अर्धा ते पाऊण फेरा, बस्स. हातातून पडलेला प्लग वापरू नये. आतली चिनीमाती तडकलेली बाहेरून दिसत नाही. इरिडियमच्या टोकाला पॉलिश पेपर लावू नका.

१८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीनं माहेरी निघाल्या. त्या काळी मोटारीनं एवढा लांबचा प्रवास कुणी केलेला नव्हता. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली, आणि ठिणगीची वायर उघडी पडली तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. आम्हाला साधं पुस्तक उघडायलाही ४१ हजार किलोमीटर लागले.

प्लग आणि फिल्टर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज परत पंधराच्या जवळ आलं. कापलेले पैसे आम्ही भर बैठकीत पोराला परत दिले आणि त्याच्या आईची माफी मागितली. ताई आता बैठकीला येतात. पोरानं पैसे मोजून खिशात ठेवले, बोलला काही नाही. पेट्रोलची पावती मात्र तो अजून रोज संध्याकाळी न मागता वहीत चिकटवतो, आणि खाली काट्याचा आकडा लिहितो.