चीक आधी वासराला

गाय व्याली की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात अजूनही काही घरी एक रीत पाळतात : वार पडेपर्यंत वासराला सडाला लावायचे नाही. तोवर चीक काढायचा, खरवस करायचा, शेजारीपाजारी वाटायचा. खरवस आम्हांलाही आवडतो. पण असे एक वासरू आमच्याच गोठ्यात हगवणीने गेले, तेव्हा आम्ही पाण्याला दोष दिला होता.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी द्रव्ये आईच्या पोटातच मिळतात. गाईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. जन्मलेल्या वासराच्या रक्तात ती जवळजवळ नसतात. असतात ती चिकात. वासराच्या आतड्यातून ती थेट रक्तात शिरतात, पण हे दार थोडाच वेळ उघडे असते. पहिल्या ६ तासांनंतर ते मिटू लागते आणि २४ तासांत बंद होते. मग कितीही चीक पाजला तरी ती द्रव्ये रक्तात जात नाहीत. वार पडायला तर पुष्कळदा ८ ते १२ तास लागतात! उलट वासरू सडाला लागले की गर्भाशय आवळते आणि वार पडायला मदतच होते.

कोंबडीच्या पिलाला ही शिदोरी अंड्यातल्या बलकातून मिळते. समुद्रकाठच्या तळ्यांत पाळतात त्या कोळंबीच्या अंगात मात्र अशी द्रव्ये जन्मभर तयार होत नाहीत. १९९४च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तिकडची तळी ओस पाडली. तेव्हापासून शहाणा कोळंबीवाला बीज तपासूनच तळ्यात सोडतो. आपल्या वासराचे दैव त्या मानाने बरे, आई जवळ उभी असते.

पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक द्यावा. २० किलोच्या गवळाऊ वासराला २ लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. आधी कास धुवावी. वासरू उठत नसेल तर बाटलीने, ठसका लागू न देता, हळूहळू पाजावा. गाय दगावली तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक चालतो. बेंबीला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नये.

एवढे झाल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस खुशाल करा. वेलदोडा मात्र बेताने घाला.