इमोजी : चित्र नव्हे, अक्षर

एका कबुलीने सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या सहकाऱ्याची पत्नी गेली. मी मोबाइलवर सांत्वनाच्या दोन ओळी लिहिल्या आणि शेवटी डोळ्यांतून पाणी वाहणारा चेहरा जोडला. नातीने ते पाहिलं आणि ती दचकलीच. ‘आबा, तो रडत नाहीये. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय!’

चूक कुठे झाली? मी त्याला चित्र समजलो; ते आहे अक्षर. ‘इमोजी’ हा जपानी शब्द. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचं नातं नाही. १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी जपानच्या डोकोमो कंपनीसाठी १७६ चिन्हं तयार केली. २०१० मध्ये युनिकोडने शेकडो इमोजींना क्रमांक दिले, अगदी आपल्या क, ख यांना आहेत तसेच. म्हणजे तुम्ही पाठवता तो क्रमांक. चित्र काढतो समोरच्याचा फोन. २०१६ मध्ये ॲपलने पिस्तुलाच्या जागी पाण्याचं खेळण्यातलं पिस्तूल आणलं. मग काय, इकडून खेळणं पाठवावं आणि तिकडे खरं पिस्तूल दिसावं!

अक्षर म्हटलं की संकेत आला. शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, असं नैयायिक सांगतात. जोडलेले हात घ्या. आपल्याला तो नमस्कार; जपानमध्ये ती विनंती किंवा आभार. हात तेच, संकेत वेगळा.

मग नेमकं चिन्ह शोधायचं कसं? फोनच्या कीबोर्डवर हसऱ्या चेहऱ्याचं बटण असतं. ते दाबून वर शब्द टाइप करा. विंडोज संगणकावर विंडोजचं बटण आणि पूर्णविराम एकत्र दाबा. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस. अर्थाची शंका आली, तर इमोजीपीडिया या संकेतस्थळावर चिन्हाचं नाव पाहा. मी पाठवलेल्याचं नाव होतं ‘फेस विथ टिअर्स ऑफ जॉय’. मला हवा होता ‘लाउडली क्राइंग फेस’.

मी सहकाऱ्याला फोन करून क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘अरे, तू रडलास एवढं मला कळलं होतं.’ संकेत चुकला, पण चाळीस वर्षांच्या मैत्रीने अर्थ सावरला. अनोळखी माणसाकडे हा आधार नसतो. म्हणून पाठवण्याआधी नाव पाहावं, आणि दुःखाच्या प्रसंगी साधे शब्दच लिहावेत.