कधीच न पडलेला पाऊस

घुग्घुसजवळ वर्धा नदीवर केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे. नदीची पातळी आणि विसर्ग तिथे नोंदला जातो. आसपास कोळसा खाणी. 2017 पर्यंत लागू असलेल्या 1957 च्या कोळसा खाण नियमावलीप्रमाणे खाणीचं तोंड त्या जागच्या सर्वोच्च पूररेषेच्या किमान दीड मीटर वर असावं लागे. सर्वोच्च, म्हणजे आजवर आलेल्या पुरांतला.

मोठ्या धरणाचं एवढ्यावर भागत नाही. त्याचा सांडवा ज्या पुरासाठी बांधतात, तो सहसा कुणी पाहिलेलाच नसतो. जलशास्त्रज्ञ नोंदींतला एखादा जुना, भयंकर पाऊस उचलतात आणि नकाशावर सरकवत आपल्या पाणलोटावर आणून ठेवतात. त्या दिवसांच्या दवबिंदूवरून हवेत बाष्प किती होतं ते काढतात. मग त्या भागात, त्या मोसमात नोंदला गेलेला सर्वांत वरचा दवबिंदू घेऊन त्या पावसाला जादा बाष्प पाजतात आणि कागदावर तो पुन्हा पाडतात! आणि आपण इंजिनिअर मंडळींना रुक्ष म्हणतो.

मेख या दवबिंदूतच आहे. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. कमाल म्हणून धरलेला आकडाच वर सरकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

लहान धरणांना ‘शंभर वर्षांचा पूर’ धरतात. त्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का. 30 वर्षांत तो एकदा तरी येण्याची 26 टक्के. हवामान बदलून तोच पूर ‘पन्नास वर्षांचा’ झाला, तर 45 टक्के. बांधकामाचा दगडही हललेला नसतो.

पाऊस वाढला तेवढाच पूर वाढेल, असं त्रैराशिक मात्र नाही. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पहिलं पाणी गिळते. तीच आठवडाभर भिजली की पुढचा पाऊस थेट नाल्यात. नाल्याला तासाभराचा पाऊस पुरतो, वर्धेला फुगायला कित्येक दिवसांचा लागतो. शिवाय घुग्घुसच्या खालच्या अंगाला वढ्याला पैनगंगा येऊन मिळते. दोघींचे लोंढे एकाच वेळी तिथे पोचले तर पूर वेगळा, काही तासांच्या फरकाने पोचले तर वेगळा. पाऊस आधी कोणत्या खोऱ्यात पडतो यावर ते ठरतं, आणि दवबिंदूच्या हिशेबात ते कुठेच येत नाही.