परक्या घरचा पक्षी : काँडोर विमानसंस्थेचा वृत्तांत

विमानप्रवासाचा इतिहास लिहिणारे बहुधा राष्ट्रध्वज मिरविणाऱ्या संस्थांचाच परामर्श घेतात, आणि ज्यांच्या विमानांत राजदूत नसतात, पेढीवाले नसतात, केवळ वार्षिक रजेचे दिवस बोटांवर मोजून ठेवलेले कारकून, कारागीर व त्यांची मुलेबाळे असतात, अशा संस्थांची बोळवण दोन ओळींत करून मोकळे होतात. जर्मनीतील काँडोर ही अशीच एक उपेक्षित संस्था. परंतु तिचा वृत्तांत जुन्या वाड्याच्या मालकीहक्काच्या कज्जासारखा गुंतागुंतीचा आणि म्हणूनच वाचनीय आहे.

महायुद्धातील पराभवानंतर जेत्यांनी हिरावून घेतलेला उड्डाणाचा अधिकार पश्चिम जर्मनीस १९५५ साली परत मिळाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘डॉइचे फ्लुगडीन्स्ट’ या नावाने ही संस्था दप्तरी दाखल झाली. तिच्या भागीदारांची नामावळी मोठी मौजेची आहे : नॉर्डडॉइचर लॉइड व हांबुर्ग-अमेरिका लाइन या दोन जहाज कंपन्या, लुफ्तहान्सा, आणि खुद्द जर्मन रेल्वे, म्हणजे ज्यांचे उतारू पुढे विमानाने पळवावयाचे, तेच पाळण्याची दोरी धरून बसले होते! फ्रँकफर्टच्या तळावर ३६ आसनांची तीन व्हिकर्स वायकिंग विमाने एवढाच प्रारंभीचा सरंजाम, आणि मार्च १९५६ मधील पहिली फेरी झाली ती पवित्र भूमीच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूंची. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये; देवदर्शनाच्या निमित्ताने प्रपंचातून चार दिवस सुटण्याची युक्ती आपल्याकडेही जुनीच आहे.

इतर भागीदारांचे हिस्से यथाकाल लुफ्तहान्साने खरेदी केले, आणि १९६१ साली ओटकर या घराण्याची, बेकिंग पावडरीच्या व्यापारातून गबर झालेल्या घराण्याची, ‘काँडोर’ ही छोटी विमानसंस्था या संस्थेत विलीन होऊन तिचेच नाव थोरलीस मिळाले. काँडोर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अजस्र गिधाड. सुटीवर निघालेल्या कुटुंबास गिधाडाच्या पाठीवर बसविण्याची कल्पना आपल्या शकुनशास्त्रास मानवणार नाही; तिथे मात्र पक्ष्याचे बळ पाहिले गेले.

१९६६ पासून थायलंड, सिलोन व केनियापर्यंत या विमानांची मजल गेली, आणि १९७१ साली बोइंग ७४७ हे जम्बो विमान बाळगणारी जगातील पहिली सहल-विमानसंस्था होण्याचा मान काँडोरने मिळविला. ‘फ्रिट्झ’ हे त्या धुडाचे लाडके नाव. पण दोनच वर्षांत तेलाचे भाव भडकले, आणि एवढा मोठा गाडा हिवाळ्यात भरावा कसा, ही विवंचना लागली. पुढे डीसी-१० विमानांनी त्याची जागा घेतली.

माझ्या मते या ताफ्याचे खरे भूषण म्हणजे बोइंग ७५७-३००. काँडोरच्या मागणीवरूनच हे विमान निघाले, आणि मार्च १९९९ मध्ये पहिले तिच्याच हाती आले. मूळच्या ७५७ चा देह ताणून चोपन्न मीटरांहून अधिक लांब केलेला, आत वाट मात्र एकच. त्यामुळे पावणेतीनशे उतारू चढता-उतरताना देवळाच्या दर्शनबारीचे स्मरण व्हावे. नियमित वेळापत्रकावर धावणाऱ्या बहुतेक संस्थांस ही दिरंगाई परवडेना, आणि अशी अवघी ५५ विमाने खपली. ज्याला कुठे वेळेवर पोहोचावयाचे नाही अशा पर्यटकाला मात्र ती पुरेशी होती, आणि दर आसनामागे पडणारा अल्प खर्च चालकांस प्रिय होता. काँडोरने १३ घेतली आणि पाव शतक वापरली.

गोव्याशीही या पक्ष्याचा संबंध आला. दाबोळीच्या नाविक तळाचे नाव ‘हंसा’. ऐंशीच्या दशकात काँडोरची चार्टर विमाने त्या तळावर उतरू लागली, तेव्हा किनारे परक्यांच्या स्वाधीन होत आहेत या संतापाने ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पाहुण्यांवर शेण फेकून निषेध केला. त्यांची रीत शिष्टाचारास सोडून होती. तक्रार निराधार नव्हती.

पुढील कथा दत्तकविधानाची. सहल-व्यवसायातील एका समूहात काँडोर गेली, त्या समूहाने २००१ साली इंग्लंडची थॉमस कुक पेढी विकत घेतली, आणि २००३ मध्ये विमानांवर त्या पेढीचे नाव चढले; पण गिऱ्हाइकांस ते रुचले नाही, आणि वर्षभरात जुने नाव परत आले. हा हट्ट किती शहाणपणाचा होता, हे २३ सप्टेंबर २०१९ रोजी कळले. त्या दिवशी थॉमस कुकचे दिवाळे वाजले, तिची इंग्रजी विमाने जमिनीस खिळली, आणि काँडोर उडत राहिली. सरकारी हमीवर ३८ कोटी युरोंचे कर्ज मिळाले; जानेवारी २०२० मध्ये पोलंडच्या लॉट विमानसंस्थेच्या मालकांनी खरेदीचा करार केला, आणि साथीचे संकट येताच एप्रिलात त्यांनी अंग काढून घेतले. अखेर २०२१ साली लंडनच्या अटेस्टर या गुंतवणूकसंस्थेकडे ५१ टक्के मालकी गेली.

नव्या मालकाच्या अमदानीत २०२२ पासून विमानांवर रुंद रंगीत पट्टे आले, पिवळे, तांबडे, निळे, हिरवे आणि वाळूच्या रंगाचे. कोणास त्यात समुद्रकाठच्या छत्र्या दिसतात. मला पायजम्याचे कापड दिसते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या एअरबस ए-३३०निओ या विमानात ३१० आसने आहेत.