चिखलदऱ्याला जाऊ, पण गाय कोण पाहील?

भद्रावतीहून चिखलदऱ्याचा बेत निघाला की घरची बाई आधी विचारते, "धार कोण काढेल?" म्हणून बेत गोठ्यापासून आखावा. पोळा झालेला, कापूस वेचणीला अवकाश, असे दिवस धरावेत. शेजारणीची गाईशी चार दिवस आधीच ओळख करून द्यावी. उद्या ती गावाला गेली, तर तिची गुरे आपण पाहावीत.

शुक्रवारी सकाळीच वर्धा-अमरावतीमार्गे परतवाडा गाठून मुक्काम करावा, शनिवारी उजाडताच घाट चढावा. वर १,११८ मीटरवर धुके, गाविलगड, कॉफीची झाडे. कीचकाला मारून भीमाने हात धुतले म्हणतात, ते भीमकुंडही तिथेच. स्वेटर घ्यावेतच, आम्ही हसण्यावारी नेले आणि रात्रभर सतरंजी पांघरून बसलो. रविवारी सकाळीच उतरावे, म्हणजे सोमवारची धार आपल्याच हाताने निघेल.