हद्दीपलीकडची आग

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या अग्निशमनाची वाटचाल समजून घ्यायची तर आधी कायद्याच्या हद्दी पाहाव्या लागतात. १९४८ मध्ये पंतसचिवांचे भोर संस्थान विलीन झाले. पुढे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने आग विझवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आणि आग विझवायची कोणी, हा प्रश्न भोर शहरापुरता सुटला. शेजारच्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, २०११ च्या जनगणनेत एकही शहर नव्हते. तिथे नगरपरिषदच नसल्याने हे बंधन लागू झाले नाही. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनंतरही ही दरी तशीच राहिली. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत ती नाही. घरपट्टी खेड्यातला माणूसही भरतो, पण त्याचा गोठा पेटला तर बंब पाठवायची जबाबदारी त्याच्या ग्रामपंचायतीवर कायद्याने येत नाही.

आग मात्र खेड्यातच अधिक पसरते. भातरोपांसाठी राब भाजताना उडालेली ठिणगी किंवा नवे गवत फुटावे म्हणून लावलेली काडी उन्हाळ्यात वाळलेला उतार पेटवते आणि वणवा वैरणीच्या गंजीपर्यंत, वाडीपर्यंत उतरतो. वनखाते जाळरेषा काढते. १९२७ च्या वन अधिनियमाचे कलम ७९ जंगलात हक्क असलेल्या ग्रामस्थांवर आग विझवायला मदत करण्याचे बंधन घालते. म्हणजे कायद्याने गावकऱ्यावर कर्तव्य टाकले, पण त्याच्या हाती हिरव्या डहाळीखेरीज काही दिले नाही.

पुण्याहून बंब येतोच की, असे कोणी म्हणेल. ग्रामीण भागात २० मिनिटांत मदत पोहोचावी, अशी राष्ट्रीय पातळीवरची अपेक्षा आहे. ताशी ४५ किलोमीटर वेगाने बंब तेवढ्या वेळात १५ किलोमीटर जातो, घाटात त्याहूनही कमी. भोरहून नसरापूरमार्गे वेल्हे याच्या दुपटीहून दूर आहे आणि पुणे त्याहूनही लांब. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडेही या तालुक्यांचा काही भागच आहे, त्यामुळे त्याच्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. विरळ वस्तीत पूर्णवेळ केंद्रे परवडणार नाहीत, हे खरे आहे. म्हणूनच शहरी नमुना इथे जसाच्या तसा आणू नये. अमेरिकेत अनेक ग्रामीण भागांत गावांच्या हद्दी ओलांडून स्वतंत्र अग्निशमन जिल्हे उभे राहिले, तर जर्मनीत खेड्यापाड्यांचा भार प्रामुख्याने स्वयंसेवी दलांवर आहे. शिवाय असे पथक वर्षभर उपयोगी पडते: वरंधा घाटातले अपघात, पावसाळ्यातल्या दरडी, राजगड-तोरण्यावर अडकलेले गिर्यारोहक.

भोर-राजगडसाठी एकत्रित अग्निशमन क्षेत्र हवे. नसरापूरला मुख्य केंद्र, वेल्ह्यात आणि घाटाच्या बाजूला टाकी-पंप बसवलेल्या लहान गाड्या आणि गावोगाव प्रशिक्षित, विमा उतरवलेली पथके असावीत. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव एवढी धरणे इथे आहेत. मिळेल तिथून पाणी उपसणारे हलते पंप दिले, तर बंबाला पाण्यासाठी परतावे लागणार नाही. यासाठी राज्य शासनाने ग्रामीण अग्निशमनाची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे निःसंदिग्धपणे सोपवून स्वतंत्र निधी द्यावा. पुण्याची तहान भागवण्यासाठी आणि खालच्या भागातल्या शेतीला पाणी देण्यासाठी या खोऱ्यांतल्या गावांनी आपल्या जमिनी पाण्याखाली जाऊ दिल्या. त्यांच्या घरांना आगीपासून संरक्षण मिळणे हा त्यांचा हक्क आहे.